सांगायचं कुणी?

2010 साली ठाणे जिल्ह्यातल्या कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या बालगृहात मुलं कुपोषणाने दगावल्याची बातमी वृत्तपत्रात आली. मुंबई उच्च न्यायालयाने त्या बातमीचीच जनहित याचिका करून घेतली आणि राज्यातल्या अशा बालगृहांची पाहणी करायला समिती नेमली. पाहणी सुरू झाली आणि भिंतींआडचं एकेक बाहेर येऊ लागलं. पनवेलजवळच्या एका बालगृहात तर संस्थाचालकच मुलींवर अत्याचार करत होता. मार्च 2013 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने त्याला आणि त्याच्यासोबत आणखी काही जणांना दोषी ठरवलं.

बौद्धिक दिव्यांग मुलांच्या कुठल्याही निवासी संस्थेत रोज किती माणसांची ये-जा असते, ते आठवून पाहा. स्वयंपाकीण, रात्रपाळीची मावशी, झाडूवाली, आठवड्याने येणारा डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, दूधवाला, तपासणीला येणारा सरकारी अधिकारी, लेकराच्या वाढदिवसाला गोडाचं जेवण द्यायला आलेलं कुटुंब. ‘त्या मुलींना सांगता येत नव्हतं’ असं म्हणून आपण हळहळतो आणि पुढे जातो. सांगता येणारी माणसं सभोवती होतीच की. त्यातल्या कुणी का सांगितलं नाही, आणि आज त्याच जागी असलेल्या माणसावर सांगण्याची काही सक्ती आहे का, हे शोधण्यासाठी मी गेले काही महिने पालक, विशेष शिक्षिका, काळजीवाहक, वकील आणि सरकारी कचेऱ्यांतली माणसं यांना भेटत होते. बोलणाऱ्या बहुतेकांनी नाव न छापण्याची अट घातली. त्यामागचं कारण पुढे येईलच. म्हणून त्यांच्यापैकी कुणाचंच नाव या लेखात नाही.

धोका किती मोठा आहे, ते आधी सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेला आणि 2012 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास म्हणतो, की दिव्यांग मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या 3.7 पट असते. बौद्धिक किंवा मानसिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या बाबतीत लैंगिक हिंसेची शक्यता 4.6 पट. आपल्याकडे 2011 च्या जनगणनेत बौद्धिक दिव्यांगांची नोंद सुमारे 15 लाख होती, त्यात महाराष्ट्रातले दीड लाखाहून अधिक. ज्यांना घरच्यांनी नोंदवलंच नाही, ते या आकड्याबाहेर.

इतका धोका असण्याचं कारण त्यांच्या बुद्धीत शोधू नये, त्यांच्या दिनक्रमात शोधावं. वीस-पंचवीस वर्षांच्या माणसाला अंघोळ दुसरं कुणी घालतं, पँटची बटणं दुसरं कुणी लावतं, पाळीचं पॅड दुसरं कुणी बदलतं. हे ‘दुसरं कुणी’ सहा महिन्यांत बदलतं, कारण पगार कमी आणि काम जड. शरीरावर परक्याचा हात पडणं ही त्यांच्या आयुष्यातली रोजची गोष्ट असते. त्यातला कुठला हात मदतीचा आणि कुठला नव्हे, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. उलट लहानपणापासून शिकवण असते ती ऐकण्याची. सांगितलं की उठायचं, सांगितलं की बसायचं, हात वर करायचे, तोंड उघडायचं. जो निमूटपणे ऐकतो तो गुणी.

नाशिककडच्या एका आईने आपल्या मुलीची चित्रवही माझ्यासमोर ठेवली. मुलगी चोवीस वर्षांची. सेरेब्रल पाल्सी आणि सोबत बौद्धिक दिव्यांगत्व. तिचं बोलणं दोन-चार उच्चारांपलीकडे जात नाही, म्हणून शाळेतल्या बाईंनी ती दहा वर्षांची असताना ही वही करून दिली. फोटोंचा जुना अल्बम, त्यात वेल्क्रोने चिकटवलेली चित्रं. हाताळून हाताळून कडा मऊ पडलेल्या. पहिल्या पानावर पोळी, वरणभात, पाणी, चहा, बिस्किट. दुसऱ्यावर शू, शी, अंघोळ, झोप. पुढे बाबा, आजी, व्हॅन, टीव्ही, गणपती. एका पानावर शरीराचे अवयव आहेत. फ्रॉक घातलेली मुलगी आणि बाणांनी दाखवलेले डोळे, नाक, कान, हात, पोट, पाय. पोटाखालपासून गुडघ्यापर्यंत फ्रॉकच. ‘नको’ असं दाखवायला अख्ख्या वहीत एकही चित्र नाही. ‘दुखतंय’ आहे, पण ते डोक्याला पट्टी बांधलेल्या मुलाचं.

आई म्हणाली, “भूक लागली हे ती मला सांगते. कुणी हात लावला तर बोट कुठं ठेवेल ती?”

तरी तिने सांगितलं होतं. ती आता जाते त्या कार्यशाळेच्या व्हॅनमध्ये मागच्या सीटवर बसायला ती एकदम नकार द्यायला लागली. पायरीवरच अंग टाकून द्यायची. मग रात्री अंथरुणात लघवी होऊ लागली, आईलासुद्धा कपडे काढू देईना, स्वतःच्या मनगटाला चावे घेऊ लागली. घरात, कार्यशाळेत आणि दवाखान्यात प्रत्येकाने याचा आपापला अर्थ लावला. हट्टीपणा वाढलाय. पाळी जवळ आली असेल. फिटच्या गोळ्या बदलल्यात, त्याचा परिणाम. डॉक्टरांनी शांत करणारं औषध वाढवून दिलं. बौद्धिक दिव्यांग माणसाचं काहीही बिनसलं की ते त्याच्या दिव्यांगत्वाच्याच खात्यात टाकायची सवय फार खोल गेलेली आहे. हीच लक्षणं एखाद्या चारचौघांसारख्या मुलीत दिसली असती, तर तिच्या आईने पहिल्याच आठवड्यात विचारलं असतं, ‘काय झालं गं? कुणी काही केलं का?’

शेवटी लक्षात आलं ते कार्यशाळेतल्या एका मावशींच्या. व्हॅनमधला मदतनीस रजेवर असला, की मुलगी गुपचूप मागे जाऊन बसते. मावशींनी बाईंना सांगितलं, बाईंनी संस्थेला. संस्थेने मदतनिसाला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. पोलिसांत कुणी गेलं नाही. तो आता कुठे काम करतो, हे ना संस्थेला ठाऊक आहे ना आईला. विशेष मुलांबरोबर काम केल्याचा त्याला अनुभव आहे, आणि असा माणूस कुठल्याही संस्थेला हवाच असतो.

ही गोष्ट मला वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या तपशिलांसह ऐकायला मिळाली. ‘काढून टाकलं’ म्हटलं, की सगळ्यांना वाटतं प्रश्न मिटला. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद आपल्याकडे 2018 पासून आहे, पण ती शिक्षा झालेल्यांची, आणि बघता येते फक्त पोलिसांना. ज्याच्याविरुद्ध तक्रारच झाली नाही, त्याचं नाव कुठल्या कागदावर येणार?

मावशींनी जे केलं ते आपल्या मनाने केलं. तसं करण्याची कायद्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती, कारण मुलगी अठरा वर्षांच्या वरची होती.

अठराच्या आतल्या मुलांसाठी पॉक्सो कायदा आहे, 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू. त्याचं कलम 19 म्हणतं, की मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळेल, त्याने ते पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणाऱ्याला कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला संरक्षणही त्याच कायद्यात आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतल्या प्रकरणात शाळेच्या व्यवस्थापनावर गुन्हा नोंदला गेला, तो याच तरतुदीच्या जोरावर.

अठरावा वाढदिवस झाला, की हे सगळं गळून पडतं. मुलगी तीच, वही तीच, अंघोळ घालणारी मावशी तीच. आता लागू होतो तो दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016. त्याच्या कलम 7 मध्ये छळ, हिंसा आणि शोषण यांपासून संरक्षणाची तरतूद आहे आणि ती खरोखर चांगली आहे. असं काही घडलं, घडतंय किंवा घडेल असं वाटण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था कार्यकारी दंडाधिकाऱ्याला माहिती देऊ शकते. दंडाधिकारी त्या व्यक्तीची सुटका करू शकतो, तिला सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचा, तिच्या पोटगीचा आदेश देऊ शकतो. पण माहिती ‘देऊ शकते’. दिलीच पाहिजे असं नाही. संस्थेत पगार घेऊन काम करणाऱ्या अधीक्षकाला आणि रस्त्याने जाणाऱ्या माणसाला कायदा इथे एकाच मापाने मोजतो.

मुलगी मनाने लहान आहे, तर तिला लहानांचाच कायदा का लावू नये? 2017 मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. दिल्लीतली 38 वर्षांची, सेरेब्रल पाल्सी असलेली स्त्री. तिचं मानसिक वय सहा ते आठ वर्षांचं असल्याचं वैद्यकीय मत होतं. तिच्या आईची मागणी होती, की खटला पॉक्सोच्या विशेष न्यायालयात चालावा, म्हणजे मुलांना मिळणारं संरक्षण तिला साक्ष देताना मिळेल. न्यायालयाने नाही म्हटलं. वय म्हणजे जन्मापासूनचं वय, त्यात मानसिक वय घुसवणं हे संसदेचं काम, न्यायालयाचं नव्हे, असा निकाल लागला.

त्या आईच्या जागी मी असते तर मीही तीच मागणी केली असती. तरी मला तो निकाल योग्य वाटतो. मोठ्या माणसाला कायद्याने कायमचं मूल ठरवलं, की त्याचे बाकीचे हक्कही जातात. 2009 मधलं चंदीगडचं प्रकरण आठवा. सरकारी नारी निकेतनात राहणाऱ्या, सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या अनाथ मुलीवर संस्थेच्या आतच बलात्कार झाला. दिवस गेले. प्रशासनाला गर्भपात करायचा होता, तिला मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तिची संमती नसताना गर्भपात करता येणार नाही. मनाने लहान म्हणून तिला मूल मानलं असतं, तर तिच्या इच्छेला किंमत कुणी दिली असती? मोठ्याला मोठं मानूनही त्याच्या संरक्षणाची सक्ती करता येते. त्यासाठी ही सक्ती पीडितेच्या वयाशी न जोडता सांभाळणाऱ्याच्या नोकरीशी जोडावी लागेल. जो पगार घेऊन दुसऱ्याच्या शरीराची काळजी घेतो, त्याने पाहिलेलं आणि त्याला संशय आलेलं कळवणं हा त्या नोकरीचाच भाग असला पाहिजे.

हे काही अशक्य नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात विकासात्मक दिव्यांगांना सेवा देणाऱ्या प्रत्येक संस्थेला मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड, हरवणं, गंभीर इजा यांपैकी काहीही घडलं तर 24 तासांच्या आत प्रादेशिक केंद्राला कळवावं लागतं आणि 48 तासांत लेखी अहवाल द्यावा लागतो. व्यक्ती चार वर्षांची आहे की चाळीस, हा प्रश्न तिथे येत नाही. न्यूयॉर्क राज्याने 2013 मध्ये यासाठी वेगळं कार्यालयच काढलं. तिथे संस्थांमधल्या कर्मचाऱ्यांनी कळवणं बंधनकारक आहे, आणि गंभीर छळ सिद्ध झालेल्या, पुन्हा अशा कामावर घ्यायच्या नसलेल्या कर्मचाऱ्यांची यादी ठेवलेली आहे. नोकरी देण्याआधी संस्थेने ती तपासायची. तिथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. पण अशी व्यवस्था आपल्याकडे झाली, तर नाशिकच्या त्या व्हॅनमधला मदतनीस पुढच्या संस्थेच्या दारात उभा राहील, तेव्हा त्याचं नाव तपासायला निदान एक यादी तरी असेल.

कलम 7 मधला कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे तालुक्याच्या पातळीवर तहसीलदार. मी एका तहसील कार्यालयात जाऊन, दिव्यांग व्यक्तीच्या छळाची माहिती द्यायची तर अर्ज कुठे द्यायचा, असं विचारलं. पहिल्या टेबलाने संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलाकडे पाठवलं. तिथल्या कारकुनाने दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्र आहे का, उत्पन्नाचा दाखला आहे का, असं विचारलं. पैशांचं काम नाही, छळाची तक्रार आहे म्हटल्यावर तो म्हणाला, “मग पोलीस स्टेशनला जा ना मॅडम.” माणूस चांगला होता. त्याने नायब तहसीलदारांना जाऊन विचारलंही. कलम 7 खालचा अर्ज तिथे आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे.

पोलीस ठाण्यावरही कलम 7 ने एक काम टाकलंय. अशी तक्रार आली, की पोलिसाने त्या व्यक्तीला कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो हे सांगायचं, त्यांचा पत्ता द्यायचा, जवळची मदत करणारी संस्था सांगायची, मोफत वकील मिळण्याचा हक्क सांगायचा. एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या या दोन कचेऱ्यांमध्ये पालक दमून जातो, आणि त्याला घरी जाऊन मुलाला भरवायचं असतं.

पण पालक तक्रार करत नाहीत याचं मोठं कारण कचेरी नव्हे. ते मला पुण्यात एका वडिलांनी सांगितलं. वय बहात्तर. पत्नी गेलेली. मुलगा एक्केचाळीस वर्षांचा, ऑटिझम, निवासी संस्थेत. दर महिन्याला भेटायला जातात. एकदा मुलाच्या पाठीवर पट्ट्याचे वळ दिसले. “कुणाला विचारलं नाही?” मी म्हटलं.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “विचारलं, तर म्हणतील, पटत नसेल तर घेऊन जा. घेऊन कुठं जाऊ? मला गुडघ्यामुळं जिना चढवत नाही. त्याला फिट आली तर मी धरू शकत नाही. तीन वर्षं थांबलो तेव्हा ही सीट मिळाली.”

आमच्यानंतर काय, हा प्रश्न या पालकांच्या मनात रात्रंदिवस असतो. ज्या संस्थेने तो प्रश्न सोडवलाय, तिच्याच विरुद्ध तक्रार करायची? अमरावती जिल्ह्यात वज्झरला बेवारस दिव्यांग मुलांना आयुष्यभराचं घर देणारे शंकरबाबा पापळकर यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. अनाथ दिव्यांग मुलांना अठरा वर्षं झाली म्हणून बालगृहातून बाहेर काढू नका, त्यांच्या आजीवन पुनर्वसनाचा कायदा करा, ही त्यांची अनेक वर्षांची मागणी. मोठ्यांसाठी जागाच इतक्या कमी आहेत, की प्रत्येक जागेवर पालकांचं गप्प राहणं हे जणू भाड्यासारखं वसूल होतं. तक्रार केली म्हणून कुणाचीही जागा जाणार नाही, गेली तर राज्य दुसरी देईल, अशी लेखी हमी असल्याशिवाय त्या बहात्तर वर्षांच्या माणसाला ‘तुम्ही बोला’ म्हणण्याचा मला तरी हक्क वाटत नाही. म्हणूनच सांगण्याचं ओझं दुसऱ्या कुणावर तरी असायला हवं.

संस्थेतल्या मुलींना सांभाळण्याच्या बाबतीत महाराष्ट्राने एक फार वाईट उत्तरही एकदा शोधलेलं आहे. फेब्रुवारी 1994 मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. मुलींना पाळीची स्वच्छता ठेवता येत नाही, हे दिलेलं कारण. स्त्री संघटना रस्त्यावर आल्या, तेव्हा उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या वेळी कार्यकर्त्या जे विचारत होत्या, ते आजही विचारायला हवं. पाळी गेली म्हणजे दिवस राहण्याची भीती गेली. बलात्काराची भीती कशी जाईल? चंदीगडच्या मुलीवर काय झालं ते जगाला कळलं, कारण तिला दिवस गेले. संस्थेतल्या मुलीच्या बाबतीत कित्येकदा गर्भ हीच एकमेव तक्रार असते, जी कुणाला फाडून टाकता येत नाही. गर्भाशयच काढलं, की तीही उरत नाही.

अत्याचाराच्या मोठ्या बातम्यांमध्ये लहान अपघातांकडे कुणाचं लक्ष जात नाही. पडणं, भाजणं, घास अडकणं, चुकीची गोळी दिली जाणं, दार उघडं राहून कुणी हरवणं. मोठी गोष्ट पकडायची तर सुरुवात इथून होते, हे मला पुणे जिल्ह्यातल्या एका निवासी संस्थेत कळलं. तिथे घटना नोंदवही आहे. साधं लांबट रजिस्टर. प्रत्येक पानावर माणसाची दोन रेखाचित्रं छापून घेतलेली, एक समोरून, एक पाठीकडून. ताज्या जखमेवर लाल पेनने फुली, जुन्या वणावर निळ्याने. शेजारी रकाने: किती वाजता, कुठे, कुणी पाहिलं, ड्युटीवर कोण, पालकांना फोन किती वाजता केला. ‘रात्री 2.10, बाथरूमच्या दारात पडला, डाव्या भुवईवर खोक, 3 टाके’ अशा नोंदी, मावश्यांच्या अक्षरात, काही ठिकाणी नुसता अंगठा आणि खाली दुसऱ्याने लिहिलेलं.

तिथल्या अधीक्षिका सांगत होत्या, “सुरुवातीला कुणी लिहायचंच नाही. लिहिलं तर पगार कापतील, ही भीती. मग आम्ही ठरवलं, लिहिल्याबद्दल कुणाला बोलायचं नाही. न लिहिलेलं सापडलं, तर मात्र विचारायचं.”

काही महिन्यांची पानं एकत्र पाहिल्यावर त्यांना दिसलं, की पडण्याच्या बऱ्याच नोंदी एकाच पाळीच्या आहेत. त्या पाळीला एकटाच माणूस होता आणि तो पहाटेच्या वेळी मुलांना ओढत बाथरूमला नेत होता. दुसऱ्या एका पानावरून कळलं, की दोन मुलांना लघवीचा संसर्ग वारंवार होतोय. शोध घेतल्यावर उलगडा झाला, की रात्री गादी ओली होऊ नये म्हणून संध्याकाळी सहानंतर त्यांना पाणीच दिलं जात नव्हतं. मावशींना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आधीच्या संस्थेतही असंच करायचे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम 92 मध्ये, ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. कवडासच्या मुलांचं जे झालं, ते काही एका दिवसात झालेलं नव्हतं. रोज थोडं कमी वाढलं गेलं असेल, आणि ते लिहून ठेवणारी वही तिथे नसेल किंवा असून कोरी असेल. पलंगाला बांधून ठेवणंही याच जातीचं. ‘पळून जाते म्हणून बांधतो’ हे वाक्य मला इतक्या सहजपणे ऐकवलं गेलं, की बोलणाऱ्याला त्यात सांगण्यासारखं काही आहे असंही वाटत नव्हतं.

तक्रार झालीच, तर पुढे न्यायालयात बौद्धिक दिव्यांग व्यक्तीची साक्ष टिकते का? ‘तिला काय कळतंय, ती काहीही बोलते’ हे पोलीस ठाण्यात पहिल्यांदा ऐकू येतं. कायदा मात्र बुद्ध्यंक विचारत नाही. प्रश्न समजून सुसंगत उत्तर देता आलं की साक्षीदार सक्षम. बोलता येत नसेल तर खुणेने, चित्राने, लिहून दिलेली साक्षही तोंडी साक्षच मानली जाते. 2013 मध्ये फौजदारी कायद्यात झालेल्या आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आलेल्या बदलांनुसार, लैंगिक गुन्ह्यातल्या दिव्यांग पीडितेला पोलीस ठाण्यात बोलवायचं नाही. अधिकाऱ्याने तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी जायचं, दुभाषा किंवा विशेष शिक्षक सोबत घ्यायचा, चित्रीकरण करायचं. तिने न्यायदंडाधिकाऱ्यापुढे दिलेला जबाब चित्रित करून सरतपासणी म्हणून धरायचा, म्हणजे तेच दुःख तिला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत नाही. 27 एप्रिल 2021 च्या पाटन जमाल वली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका दृष्टिहीन दलित मुलीच्या साक्षीवर शिक्षा कायम ठेवताना स्पष्ट केलं, की दिव्यांग व्यक्तीची साक्ष ती दिव्यांग आहे म्हणून कमी प्रतीची ठरत नाही.

कागदावर हे सगळं आहे. पण अशा जबाबाला बसलेल्या एका विशेष शिक्षिकेने सांगितलं, की तिला निरोप आला तो सकाळी, जबाब दुपारी. मुलीला ती त्याआधी कधीच भेटलेली नव्हती. जिच्या खुणा समजायला घरच्यांना वर्षं लागली, तिच्या खुणा तासाभरात कशा कळणार? तिने एक दिवस मागून घेतला, मुलीबरोबर नुसती बसली, चित्रं काढली, तिचं ‘हो’ कसं असतं आणि ‘नाही’ कसं असतं ते बघितलं. तो अधिकारी समजूतदार होता म्हणून थांबला. प्रत्येक जिल्ह्यात अशा शिक्षकांची नावं, त्यांना कोणत्या प्रकारच्या दिव्यांगत्वाचा अनुभव आहे, हे लिहिलेली यादी पोलिसांकडे तयार हवी. पाटन जमाल वलीच्या निकालातही अशाच प्रकारच्या सूचना आहेत.

नाशिकच्या त्या वहीत आता बदल झालाय. शाळेतल्या बाईंनी शरीराचं नवं चित्र काढून दिलंय, कपड्यांविना, सगळे अवयव असलेलं. ‘नको’साठी आडवा तळहात, ‘कोण?’ साठी व्हॅनमधल्या आणि कार्यशाळेतल्या प्रत्येक माणसाचा फोटो. आयआयटी मुंबईने तयार केलेलं ‘जेलो’ नावाचं मोबाइल ॲप मराठीत बोलतं. तेही तिला शिकवणं चालू आहे, पण तिची बोटं अजून चित्रांनाच सरावलेली आहेत.

ज्यांना आज, या आठवड्यात, काहीतरी दिसलंय, त्यांच्यासाठी वकिलांनी आणि डॉक्टरांनी सांगितलेलं इथे लिहून ठेवते. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर अंघोळ घालू नये. कपडे धुवू नयेत, प्लास्टिकच्या नव्हे तर कागदी पिशवीत ठेवावेत. त्या व्यक्तीला घरातल्या प्रत्येकाने पुन्हा पुन्हा विचारू नये. तिने स्वतःहून जे सांगितलं किंवा दाखवलं ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहावं. आधी पोलीस की आधी दवाखाना, यात वेळ घालवू नये. सरकारी असो की खाजगी, रुग्णालयाने अशा वेळी मोफत उपचार दिलेच पाहिजेत, एफआयआर नंतर होऊ शकतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दिव्यांग व्यक्तीची तपासणी कशी करायची, तिची स्वतःची संमती कशी घ्यायची, यावर वेगळा भाग आहे. डॉक्टरांना तो दाखवता येतो. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयांमध्ये ‘दिलासा’ केंद्रं आहेत, पहिलं 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालं. व्यक्ती अठराच्या आतली असेल तर 1098, कुठल्याही वयाची असेल तर 112. कायद्याने नेमलेला पालकच छळ किंवा हेळसांड करत असेल, तर राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे त्याला दूर करण्यासाठी अर्ज करता येतो.

आणि लैंगिक नसलेल्या गोष्टींसाठी, म्हणजे वळ, बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं, पेन्शनचे पैसे काढून घेणं, यासाठी कलम 7 चा अर्ज. अर्जदार आई-बापच असला पाहिजे असं नाही. शेजारी, शिक्षिका, मावशी, भाचा, कुणीही चालतं. साध्या कागदावर, ‘कार्यकारी दंडाधिकारी तथा तहसीलदार’ यांच्या नावाने, वर ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016, कलम 7(2) अन्वये माहिती’ असं लिहून. खाली काय पाहिलं, कधी पाहिलं, ती व्यक्ती आता कुठे आहे आणि तिला आजच्या आज काय हवंय. एक प्रत पोलीस ठाण्यात, एक पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात, आणि तिसरी तारखेचा शिक्का मारून घेऊन आपल्याकडे. आवक टेबलावरचा माणूस हे आमचं काम नाही म्हणाला, तर तेवढंच त्याच्याकडून लेखी मागावं.